प्लास्टरनंतरचे आठवडे

उभ्या गाडीखाली सावलीला झोपलेले पिल्लू चालकाला दिसत नाही. गाडी हलते, पिल्लू केकाटते आणि एक पाय लोंबकळत ठेवून जिन्याखाली जाऊन बसते. रस्त्यावरच्या पिल्लांचे पाय मोडण्याचे हे नेहमीचे कारण. घरच्या पिल्लांचे वेगळे. लहान जातीचे पिल्लू सोफ्यावरून उडी मारते किंवा मुलांच्या हातून निसटते आणि पुढच्या पायाची मनगटाजवळची हाडे मोडतात. दोन्हीकडे माणसे धावपळ करतात, वर्गणी काढतात, दवाखाना गाठतात. ही धावपळ आवश्यकच आहे. पण पिल्लू पुन्हा चार पायांवर नीट चालेल की नाही, हे बरेचसे ठरते ते प्लास्टर किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत. नेमका तिथेच आपला उत्साह ओसरलेला असतो.

पिल्लाचे हाड लवकर जुळते, हे खरे. हाडावरचे आवरण जाड असते आणि रक्तपुरवठा भरपूर. मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिने लागतात, तिथे तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाचे हाड अनेकदा तीन-चार आठवड्यांत सांधते. पण धोकाही या वाढीच्या वयातच असतो. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक थर असतो आणि हाडाची लांबी तिथूनच वाढते. हा थर हाडापेक्षा नाजूक, त्यामुळे पिल्लांत पुष्कळदा तोच दुखावतो. पुढच्या पायात कोपराखाली दोन हाडे शेजारी असतात. एकाची वाढ थांबली आणि दुसरे वाढत राहिले, तर पाय धनुष्यासारखा वाकतो. म्हणून पिल्लू लंगडायचे थांबले की विषय संपला, असे समजू नये. वाढ पुरी होईपर्यंत पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा एक्स-रे काढावा.

‘प्लास्टरवर भागणार नाही का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. खर्च पाहता तो स्वाभाविक आहे. उत्तर हाड कोणते मोडले यावर अवलंबून असते. प्लास्टरने मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर व्हावे लागतात. कोपराखाली किंवा गुडघ्याखाली हे जमते. मांडीच्या किंवा खांद्याखालच्या हाडाला जमत नाही. तिथे बांधलेले प्लास्टर किंवा घरी बांधलेल्या बांबूच्या कामट्या खाली सरकतात आणि मोडलेल्या जागेला नुसते ओझे होतात. शिवाय पिल्लाची मांडी मोडली असताना पाय फार दिवस ताठ बांधून ठेवला, तर स्नायू आखडून गुडघा कायमचा वाकेनासा होऊ शकतो. पॉमेरेनियनसारख्या चिमुकल्या जातींत मनगटाजवळ रक्तपुरवठा कमी असल्याने तिथले हाड नुसत्या प्लास्टरने बरेचदा जुळत नाही. अशा वेळी डॉक्टर रॉड किंवा प्लेट सुचवतात, तेव्हा ती चैन नसते.

प्लास्टर घातले की त्याची राखण सुरू होते. पिल्लू वाढत असते, प्लास्टर वाढत नाही. म्हणून आठवड्याला, कधी त्याहूनही लवकर ते तपासून बदलावे लागते. बोटे रोज पाहावीत. ती सुजली, गार पडली, मधल्या दोन बोटांची नखे एकमेकांपासून फाकली, पट्टीला वास येऊ लागला किंवा पिल्लू ती सारखी चावू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बाहेर नेताना पंजावर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि घरात येताच काढावी, नाहीतर आतच घाम साचतो. ओल्या पट्टीखाली कातडी सडायला वेळ लागत नाही.

सर्वांत अवघड पथ्य विश्रांतीचे. आठ-दहा दिवसांत दुखणे कमी होते, पिल्लाला खेळायची हुक्की येते आणि घरच्यांना वाटते, बरे झाले. धोक्याचा काळ खरा तोच. हाड अजून कच्चे असते आणि गुळगुळीत फरशीवरची एक धाव रॉड वाकवायला पुरते. पिंजरा, नाहीतर फळ्या लावून अडवलेला कोपरा, खाली न घसरणारे अंथरूण, शी-शूसाठी पट्टा लावून थोडेसे बाहेर नेणे आणि जिना पूर्ण बंद, एवढे पाळावेच लागते. ते केविलवाणे ओरडले म्हणून दया येऊन सोडणे ही त्याच्यावरची माया नव्हे. मात्र विश्रांती पायाला हवी, मनाला नको. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत पिल्लू माणसे, आवाज आणि स्पर्श ओळखायला शिकते. पिंजरा घराच्या वावरत्या खोलीत ठेवावा, चावायला खेळणे द्यावे, जवळ बसून बोलावे.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कॅल्शियमही मनाने देऊ नये. मोठ्या जातींच्या पिल्लांत जादा कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवते. उलट, किरकोळ उडीत पाय मोडला असेल, तर पिल्लू खाते काय हे तपासावे. नुसते उकडलेले चिकन आणि भात, किंवा नुसते मांस, यावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे आतून विरळ होतात. पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य हा त्यावर उपाय आहे. आणि दुखणाऱ्या पिल्लाने दात लावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन रेबीजच्या लशीसाठी जावे. चावणारे पिल्लूच आहे म्हणून हयगय नको.

हे सारे घरच्या पिल्लाला मिळू शकते. रस्त्यावरच्या पिल्लाचे काय? मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करत आले आहे. इतर शहरांतही संस्था आहेत. पण लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला अनेक आजारी कुत्र्यांच्या सोबतीत आठवडेच्या आठवडे ठेवणे म्हणजे पार्व्होसारख्या संसर्गाला आमंत्रण देणे. परत रस्त्यावर सोडले, तर शस्त्रक्रिया वाया जाते. याला उपाय एकच, महिना-दीड महिना आसरा देणारे घर. प्राणिप्रेमी त्याला ‘फॉस्टर’ म्हणतात.

शस्त्रक्रियेसाठी लोक पैसे देतात, कारण ते एकदाच द्यायचे असतात. रोजची पट्टी, वेळच्या वेळी औषध आणि पिल्लाला आवरून धरणे याला माणूस लागतो. संस्थांनी देणगीच्या आवाहनाबरोबरच अशा घरांची यादी तयार ठेवावी, घर देणाऱ्यांना पट्टी तपासायला शिकवावे आणि औषध-खाद्याचा खर्च उचलावा. गृहनिर्माण सोसायट्यांनी या महिनाभराच्या पाहुण्यावरून वाद घालू नयेत. आणि जखमी पिल्लू उचलणाऱ्यानेही दवाखान्याच्या वाटेवरच विचारावे, याला पुढचा महिना कोण सांभाळणार? ते नाव ठरले, की उपचार खऱ्या अर्थाने सुरू झाला.