मरण नाकारणाऱ्या पेशी

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, ही व्याख्या सर्वांच्या तोंडी असते. ती अर्धीच खरी आहे. काही कर्करोगांत पेशी फार वेगाने वाढतही नसतात. त्या फक्त वेळ झाली तरी मरत नाहीत. रक्ताच्या कर्करोगावरची व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी नेमक्या याच दुखण्यावर काम करते.

निरोगी शरीरात पेशींचे मरण ठरलेले असते. गर्भाचा पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी मरतात, तेव्हा बोटे सुटी होतात. एका मिलिमीटरभर गोलकृमीत तर या मरणाचा पक्का हिशेबच आहे. वाढ होताना त्याच्या शरीराच्या १०९० पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ मरतात आणि ९५९ उरतात. दरवेळी मरतात त्याही त्याच. या संशोधनाला २००२ चे नोबेल मिळाले. जखमेतली पेशी फुटते आणि आजूबाजूला दाह होतो. इथे मात्र पेशी आक्रसते, तिचे तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. १९७२ मध्ये या प्रक्रियेला ‘अ‍ॅपॉप्टॉसिस’ हे नाव मिळाले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ, आणि तो इथे चपखल बसतो.

बीसीएल-२ हे जनुक पेशी वाढवत नाही, तर तिला मरू देत नाही, हे मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दाखवले. त्याचे प्रथिन रोखणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सला अमेरिकेत मान्यता मिळायला २०१६ साल उजाडले. तीव्र किमोथेरपी न झेपणाऱ्या, अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांवरील चाचणीत अ‍ॅझासिटिडीनसोबत ही गोळी दिल्यावर सरासरी (मध्यक) आयुर्मान ९.६ वरून १४.७ महिन्यांवर गेले. आकडा लहान वाटतो. पण या वयस्कर रुग्णांसाठी पूर्वी पर्याय फारच थोडे होते.

अडचण खर्चाची आहे. पूर्ण मात्रा रोज ४०० मिलिग्रॅम, आणि उपचार महिनोन्महिने चालतो. यावर एक वाट निघाली आहे. बुरशीविरोधी पोसाकोनॅझोल हे औषध या रुग्णांना बहुधा द्यावेच लागते आणि ते यकृतात व्हेनेटोक्लॅक्सचे विघटन मंदावते. त्यामुळे ७० ते १०० मिलिग्रॅम पुरतात. सुरक्षिततेसाठी मात्रा घटवण्याचा हा नियम भारतातील काही डॉक्टरांनी खर्च वाचवण्यासाठीही वापरला. कल्पना शहाणपणाची आहे. मात्र ती मोठ्या चाचण्यांत तपासायला हवी. औषध कमी खपावे यासाठी कंपनी पैसा ओतणार नाही, म्हणजे हे काम सरकारी संस्थांनाच करावे लागेल.

रुग्णाने मात्र स्वतः गोळ्या कमी-जास्त करणे जिवावर बेतू शकते. एकदम असंख्य पेशी मेल्या की रक्तात पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक अ‍ॅसिड वाढते. मूत्रपिंड बंद पडू शकते, हृदयाची लय बिघडते. म्हणून मात्रा पायरीपायरीने वाढवतात आणि प्रत्येक नव्या पायरीला ६ ते ८ तासांनी रक्त तपासतात. गोळी घरी घेता येते, पण हा अहवाल काही तासांत देणारी प्रयोगशाळा तालुक्याच्या गावी क्वचितच असते.