पेट्रोल शिळं होतं: उभ्या गाडीत स्टॅबिलायझर कधी घालावं, कधी नाही



दिवाळी झाली की मुंबई-पुण्याची मंडळी परत जातात आणि गावात बऱ्याच घरी एक चारचाकी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहते. ती परत फिरते ते थेट मे महिन्यात, लग्नसराईला. त्याच शेडच्या कोपऱ्यात पॉवर विडर, ग्रास कटर आणि पेट्रोलवरचा फवारणी पंपही पडलेला असतो. त्यांची आठवण जूनमध्ये होते. मग दोरी ओढून खांदा निखळतो, प्लग काढून बघितला जातो, आणि शेवटी फिटर सांगतो, "कार्बोरेटर जाम झालाय."

हल्ली यावर एक उपाय दुकानातून हातात पडतो. फ्युएल स्टॅबिलायझरची बाटली. माझं मत सरळ सांगतो: औषध चांगलं आहे, पण आपल्याकडे ते चुकीच्या रोगावर आणि चुकीच्या वेळी विकलं जातंय. काही ठिकाणी ते जरूर घालावं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे वाचवून टाकी रिकामी करावी.

आधी पेट्रोलला होतं काय ते बघू. पेट्रोल म्हणजे एकच एक द्रव नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि गार इंजिन पहिल्या किकला पेटवायला नेमके तेच लागतात. उरलेल्यांपैकी काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जोडले जातात आणि चिकट, राळेसारखा पदार्थ तयार होतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, ते बुजायला कितीशी राळ लागणार? पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात जी भट्टी होते तिच्यात हे काम आणखी लवकर होतं.

तिसरी गोष्ट पाण्याची. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. इथेनॉल आपल्याच उसाचं, मळीचं आणि मक्याचं आहे. त्याला शिव्या देणाऱ्यांत मी नाही; आपल्या मालाला त्यातून गिऱ्हाईक मिळालंय. पण रोज चालणारी गाडी आणि सहा महिने उभी गाडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इथेनॉल पाणी ओढून धरतं. १० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ५ मिलीपर्यंत पाणी विरघळून राहतं. २० टक्क्यांत त्याहून जास्त मावतं. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी इथेनॉलला सोबत घेऊन वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला बसतं. इंजिन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच.

इथे लोक घाबरवतात तितकं नाही, हेही सांगायला हवं. चारचाकीची टाकी बऱ्यापैकी बंद असते. नुसत्या हवेतल्या दमटपणाने चार महिन्यांत तिच्यात दोन थर पडतील असं सहसा होत नाही. पाणी येतं ते धुतलेल्या कॅनमधून, फाटक्या रबराच्या झाकणातून, पावसात उघड्यावर भरलेल्या नरसाळ्यातून. विडर-पंपाच्या टाकीच्या झाकणाला मात्र हवेचं भोक असतं, टाकी लहान असते आणि आत पेट्रोल अर्धंच असतं. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात अशा टाकीचं काय होत असेल ते तिकडच्या लोकांना विचारा.

आता स्टॅबिलायझर काय करतं? त्यात ऑक्सिजनशी होणारी क्रिया रोखणारे पदार्थ असतात, आणि सहसा गंज धरू न देणारेही. म्हणजे राळ होण्याचा वेग कमी होतो. एवढंच. आपल्या भाषेत सांगायचं तर ते मॅन्कोझेबसारखं आहे. रोग यायच्या आधी पानावर असेल तर कामाचं. करपा पसरल्यावर मॅन्कोझेब मारून डाग पुसले जात नाहीत, तसंच शिळं झालेलं पेट्रोल स्टॅबिलायझर घालून ताजं होत नाही. बुजलेला जेट त्याने मोकळा होत नाही, आणि वेगळं झालेलं पाणीही परत मिसळत नाही. तालुक्याच्या एका दुकानात जूनमध्ये, सुरू न होणाऱ्या विडरवर मला हीच बाटली "टाका, चालू होईल" म्हणून दाखवली होती. बाटलीवर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की ताज्या पेट्रोलमध्ये घाला.

मग घालावं कुठे? माझ्या मते त्याची खरी जागा आहे चारचाकी. इंजेक्शनच्या गाडीची टाकी घरी रिकामी करणं सोपं नाही आणि सुरक्षितही नाही. गाडी तीन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर खुशाल घाला. महिना-दीड महिन्यासाठी गरज नाही.

घालायची पद्धत महत्त्वाची. पंपावर जाताना बाटली बरोबर न्या. आधी मापाने औषध टाकीत ओता, मग वरून ताजं पेट्रोल भरा, म्हणजे ढवळलं जातं. टाकी जवळजवळ भरून ठेवा, कारण वर मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. पण नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी कोंबू नका. नंतर गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून घरी आणा, म्हणजे औषध मिसळलेलं पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचेल. नुसतं टाकीत ओतून गाडी तिथेच उभी केली तर पाइपात जुनंच राहतं. माप बाटलीवरचंच. अमेरिकेत फार वापरल्या जाणाऱ्या स्टा-बिलचं मूळ माप ३० मिलीला साधारण साडेनऊ लिटर पेट्रोल असं आहे. दुसऱ्या कंपनीचं वेगळं असेल. फवारणीत "थोडं जास्त टाकू" ही जी आपली सवय आहे ती इथे नको. काही बाटल्यांवर २४ महिन्यांचा दावा असतो. मी एका हंगामापुरताच विश्वास ठेवतो.

घरी राहिलेल्या वडिलांना पोरं सांगून जातात, "आबा, आठवड्याला पाच मिनिटं गाडी चालू करत जा." ते बिचारे करतात. पण पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचतं, आणि स्टार्टरने खाल्लेलं बॅटरीचं चार्जिंगही भरून निघत नाही. पंधरा दिवसांतून एकदा बाजारच्या गावाला वीस-पंचवीस मिनिटं खरंच चालवून आणली आणि मधे ताजं पेट्रोल पडत राहिलं, तर स्टॅबिलायझरचा प्रश्नच येत नाही. ते जमणार नसेल तर औषध घाला, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि गाडीला हात लावू नका. (उंदरांचा बंदोबस्त मात्र करा. माझ्या अंदाजाने शेडमधल्या गाड्यांचं पेट्रोलपेक्षा जास्त नुकसान वायरिंग कुरतडून होतं.)

विडर, पाण्याचं पेट्रोल इंजिन, फवारणी पंप यांना मात्र बाटलीची गरज नाही. हंगाम संपला की टाकीतलं पेट्रोल काढा, कॉक बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून राहिलेले थेंब काढून टाका. नसलेलं पेट्रोल शिळं होत नाही. काढलेलं चांगलं पेट्रोल त्याच दिवशी मोटरसायकलमध्ये वापरा. हे काम उघड्यावर, गार इंजिनवर, बिडी-काडीपासून लांब करा. गोठ्यात तर अजिबात नको.

टू-स्ट्रोक ग्रास कटरचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल चार-स्ट्रोक गाडीत घालू नका. ते मुळात आठवड्याच्या कामापुरतंच कालवावं.

आणि स्टॅबिलायझर मिळतं म्हणून घरात कॅनवर कॅन साठवणं तर नकोच. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एका जागी ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही नीट धातूच्या डब्यात. तेलाच्या जुन्या प्लास्टिक कॅनमधलं पेट्रोल म्हणजे गंजीशेजारी ठेवलेली आग.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोनच ओळी. पेट्रोलचं स्टॅबिलायझर डिझेलमध्ये घालू नका. डिझेलचं दुखणं वेगळं आहे: तळाला पाणी साचतं आणि त्यावर जिवाणू-बुरशीची शेवाळासारखी घाण वाढून फिल्टर चोंदतो. टाकी भरून ठेवा आणि फिल्टरखालचं पाणी काढत राहा.

हे सगळं एवढं लांबण लावून का सांगतोय? सोयाबीनची पहिली कोळपणी वीस-पंचवीस दिवसांत झाली पाहिजे. त्यातच पाऊस चार दिवसांची उघडीप देतो. त्या चार दिवसांत विडर बंद असेल तर फिटरकडे आधीच दहा मशिनं रांगेत असतात, मजुरीचा दर त्या आठवड्यात आपल्या हातात नसतो आणि तण कुणासाठी थांबत नाही. कार्बोरेटरचा खर्च त्यामानाने किरकोळ.

कृषी अधिकारी आणि कृषी विज्ञान केंद्रातले बरेच जण हे पान वाचतात, म्हणून त्यांना एक विनंती. यांत्रिकीकरण उपअभियानातून अनुदानावर विडर वाटताना यंत्र चालवायचं प्रात्यक्षिक होतं, फोटो होतो. त्यातच दहा मिनिटं यंत्र हंगामानंतर कसं ठेवायचं यासाठी द्या. सोबतची पुस्तिका इंग्रजीत असते आणि ती खोक्याबरोबरच चुलीत जाते. कंपन्यांनी टाकीवर मराठीत दोन ओळींचं स्टिकर लावलं तरी अर्धं काम होईल: "महिनाभर वापर नसेल तर पेट्रोल काढून ठेवा."

तोपर्यंत घरच्या घरी एवढं करा. पांढरी चिकटपट्टी घ्या, पेट्रोल भरल्याची तारीख मार्करने लिहा आणि टाकीच्या झाकणाजवळ चिकटवा. गाडीत औषध घातलं असेल तर तेही त्यावर लिहा, म्हणजे मे महिन्यात किल्ली फिरवणाऱ्याला आत काय आहे ते कळेल.