भैरवाचे निमित्त, पबचा बेत

उज्जयिनीतील एका मराठी मंडळाच्या वर्षाखेरच्या स्नेहमेळाव्यास यंदा ‘आयरिश पब’चा थाट द्यावा, अशी सूचना आल्याचे आमच्या कानी आले आहे. पानात बटाट्याबरोबर शिजविलेले मटण व तळलेली मासळी. पेल्यात काळी स्टाउट बिअर आणि व्हिस्की घातलेली कॉफी! १ एप्रिल २०२५ पासून नगरीच्या हद्दीत मद्यविक्रीस बंदी आहे. म्हणून हद्दीबाहेरचा एखादा बगीचा पाहावा, अशी पुस्तीही सूचकांनी जोडली आहे.

आमचा आक्षेप मासळीस नाही; आमच्या कोंकणी घरांतून ती आवडीने शिजते. परक्या पदार्थांचाही आम्हांस विटाळ नाही. ज्या बटाट्यावर गरीब आयर्लंड जगला, तोच आमच्या उपवासाला चालतो! आक्षेप आहे तो सर्वांच्या वर्गणीतून मद्याला मानाचे पान मांडण्यास, आणि त्यासाठी पुढे केलेल्या सबबीस.

सबब अशी की, कालभैरवाला मद्य चालते, मग भक्तांना का नको? भैरवगडच्या देवळात पुजारी मद्य बशीत ओतून देवाच्या मुखाशी धरतात व उरलेले प्रसाद म्हणून परत देतात, हे खरे. महाअष्टमीच्या नगरपूजेत जिल्हाधिकारीही चोवीस खांब्याच्या देवीस मद्य अर्पण करतात, हेही खरे. परंतु त्या मद्याला संकल्प आहे, स्थान आहे, मर्यादा आहे. महाकालाच्या पिंडीवर आपण धोतऱ्याचे फळ वाहतो. ते कोणी पंगतीत वाढल्याचे आम्ही ऐकिलेले नाही.

आता ज्यांचे अनुकरण करावयाचे, त्यांचीच रीत पाहू. आयर्लंडात १९२७ च्या कायद्याने गुड फ्रायडेला पब बंद असत. ती बंदी २०१८ साली उठली. नाताळच्या दिवशी मात्र ते आजही बंदच असतात. आपल्या सर्वांत मोठ्या सणाला आयरिश मनुष्य पबचे दार लावून घरी जेवतो. आणि आम्ही सणासाठी पब उभारणार! हे अनुकरणही धड नव्हे.

राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभारिले. त्या नगरीत आज आमची मुले शाळेत व रस्त्यावर हिंदी बोलतात; मराठी-कोंकणी कानी पडते ती घरात आणि अशा मेळाव्यात. पेले मांडले की आजी घरीच राहील, आया मुलांना घेऊन लवकर उठतील. मग उरेल तो मेळावा कोणाचा?

पबवाचून तरुण येणार नाहीत, असे म्हणतात. त्यांना नुसते पाहुणे म्हणून बोलावू नका. स्वयंपाक त्यांच्या हाती द्या. माळव्याच्या दाल-बाफल्यांशेजारी आपले खतखते व पुरणपोळी मांडू द्या. हवे तर आयरिश सोडा-ब्रेडही भाजू द्या. स्टाउट ज्यास हवी, त्याने ती अन्यत्र, स्वतःच्या पैशाने घ्यावी. भैरवास मात्र या वादात साक्षीला ओढू नये.