बन्नीचे कुरण: उपायच ठरला अपाय

गुजरातमधील कच्छ जिल्ह्यात सुमारे २,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला बन्नी प्रदेश गवताळ कुरणांसाठी ओळखला जातो. रणातील क्षारांचे आक्रमण रोखण्यासाठी १९६० च्या दशकात वन विभागाने येथे विलायती बाभळीची लागवड केली. आज त्याच बाभळीने कुरणाचे स्वरूप पालटले आहे. मूळच्या अमेरिका खंडातील या झाडाला स्थानिक लोक 'गांडो बावळ', म्हणजेच वेडी बाभूळ, म्हणतात.

तिचा प्रसार प्रामुख्याने गुरांमार्फत झाला. गोड शेंगा खाणाऱ्या जनावरांच्या शेणातून बिया दूरवर पोहोचल्या आणि दाट झाडोऱ्याखाली गवत खुंटले. परिणामी मालधारी पशुपालक गाईंऐवजी म्हशींकडे वळले. रात्री चरणाऱ्या बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जातीची मान्यताही मिळाली.

मात्र या बाभळीचा कोळसा हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले आहे. शिवाय, नुसते तोडल्यास झाड बुंध्यातून पुन्हा फुटते. त्यामुळे तिचे निर्मूलन हा केवळ वृक्षतोडीचा प्रश्न राहिलेला नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने मे २०२१ मध्ये बन्नीतील अतिक्रमणे सहा महिन्यांत हटवण्याचा आदेश दिला. सामुदायिक वनांच्या संवर्धनाचा मालधारींचा हक्कही कायम ठेवला. गवत, गुरे आणि पशुपालक यांच्या परस्परसंबंधांतूनच हे कुरण टिकून होते. त्यांपैकी एकालाही वगळून आखलेली योजना १९६० च्या दशकातील चुकीचीच पुनरावृत्ती ठरेल.