बांधावरची पाखरं



या पत्रिकेतून आम्ही बेणे, लागण, खतांचे हप्ते यांवर नेहमी लिहितो. आज विषय जरा निराळा आहे. काही मंडळी म्हणतील, ऊस विकास अधिकाऱ्याला पाखरांचं काय पडलंय? पण गटागटांतून फिरताना आमच्या असे ध्यानात येते की, तोड कधी मिळणार, बिल कधी जमा होणार, वीज दिवसाची की रात्रीची, याशिवाय सभासदाच्या डोक्यात दुसरे काही उरलेले नाही. माणूस दिवसभर रानात असतो, पण रान बघत नाही. आमच्या मते हा तोटा टनेजच्या तोट्याहून कमी नाही.

हा आनंद फुकटचा आहे. त्याला शेअर लागत नाही की कर्जप्रकरण करावे लागत नाही. परसातल्या लिंबावर किंवा जास्वंदीवर शिंपी पक्षी कापसाच्या तंतूने पान शिवून घरटे करतो. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. नाव बाईचे, पण विणकाम सारे नराचे! उसाच्या पानाची कड चोचीत धरून तो लांबच लांब दोरा सोलतो. खोपा अर्धा झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर संसार, नाही तर ती चालली दुसऱ्याच्या खोप्याकडे.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या सुमारास पांढरा धोबी उत्तरेकडून येतो आणि पाणी दिलेल्या सरीत शेपटी वरखाली करीत हिंडतो. तोडणीच्या टोळ्यांसारखाच तोही हंगामी. उन्हाळा लागला की परत. तारेवर बसणारा काळा कोतवाल अंगाने लहान, पण घरट्याजवळ आलेल्या घारीच्याही मागे लागतो. म्हणून लहान पाखरे त्याच्या आसऱ्याला घरटी बांधतात.

नांगरामागे येणारे बगळे अन् साळुंक्या हुमणीच्या अळ्या वेचतात, पिंगळा रात्री भुंगेरे आणि उंदीर टिपतो, हे आपण जाणताच. पण केवळ फायद्यासाठी पाखरे बघा, असे आमचे म्हणणे नाही. भोरड्या ज्वारी खातात हेही खरेच. तरी संध्याकाळी त्यांचा थवा आभाळात वळतो, तेव्हा गोफण घेतलेला गडीसुद्धा क्षणभर थांबतो. ते थांबणं महत्त्वाचं.

आता मुद्द्याचे बोलतो. बघायला पाखरे हवीत, तर त्यांना जागाही हवी. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात, म्हणून काही सभासद झाडच तोडायला निघतात. आमचे मत याच्या उलट आहे. झाड आहे म्हणून भुंगेरे एका जागी सापडतात. फांद्या हलवून ते पाडावेत, गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. सावली राहते, खोपेही राहतात.

दुसरे पाचटाचे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट एका काडीने जाते. सेंद्रिय खत जाते, ओल जाते, आणि जमिनीवरच अंडी घालणाऱ्या टिटवीची अंडीही जातात. पाचट सरीत ठेवा, खोडवा चांगला येईल. तिसरे औषधांचे. हुमणीसाठी सर्रास टाकले जाणारे फोरेट पाखरांना फार घातक. त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कुठे जुनी पुडी शिल्लक असेल तर ती रानात टाकू नये.

पाखरांची नावे शिकायची हौस असेल, त्यांनी वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा ‘पक्षिकोश’ वाचनालयातून जरूर मिळवावा. पण पुस्तक नसले तरी अडत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना निम्मी नावे तोंडपाठ असतात. नातवंडांना ती आत्ताच सांगून ठेवायला हवीत.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे: बांधावर एक तरी झाड राखावे, उन्हाळ्यात परसात पाण्याचे एक पसरट भांडे ठेवावे, आणि सांजेला मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटे पोरांसंगं नुसतं बघत बसावं. उसाला भाव काय मिळेल ते आपल्या एकट्याच्या हाती नाही. एवढे मात्र आहे.

— ऊस विकास अधिकारी