आवाज मोठा, नाव हळू

व्हाइटफील्डच्या आमच्या सोसायटीत गणपती बसतो. मराठी घरं पंधरा-वीस, बाकी तेलुगू, कन्नड, बंगाली. गेल्या वर्षी आरतीआधी गाणी लावायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रल्हाद शिंदेंचं 'तूच सुखकर्ता' लावलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय आवाज आहे! आता असं कुणी गात नाही." गाणं संपलं आणि ॲपनं आपणहून त्याच गायकाचं पुढचं गाणं सुरू केलं. ते भीमगीत होतं. दोन शब्दही पुरे ऐकू आले नसतील, तोवर माझं बोट मोबाइलवर पोचलं होतं. कुणी हरकत घेतली नव्हती, कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. बंद मीच केलं.

रोज मेट्रोनं जाताना मी हेच भीमगीत हेडफोनवर ऐकते. गळा एकच. त्याचं एक गाणं स्पीकरवर, दुसरं कानात लपवून. हे फक्त माझं नाही. पहिल्यांदा डिग्री घेऊन अशा शहरात आलेल्या आपल्यापैकी अनेकांचं असंच चालतं.

प्रल्हाद शिंदे 1933 साली जन्मले. कव्वाली, लोकगीतं, विठ्ठलाची गाणी, गणपतीची गाणी, भीमगीतं, सगळं गायले. 'तूच सुखकर्ता' लिहिलं हरेंद्र जाधवांनी. त्यांनी भीमगीतंही लिहिली. म्हणजे महाराष्ट्रातल्या गल्लोगल्लीच्या मंडपात वाजणारं हे गाणं लिहिणारा आणि गाणारा, दोघंही आंबेडकरी समाजातले. मंडपात हे किती जणांना माहीत असतं? आवाज सगळ्यांना हवा असतो, पण माणूस कुठल्या वस्तीतून आला हे ऐकायची वेळ आली की गाणं बदलतं.

आपल्यातले काही जण उलट बाजूनं विचारतात: ज्या समाजानं 22 प्रतिज्ञा घेतल्या, त्यातल्या गायकानं देवाची गाणी का गावीत? प्रश्न चुकीचा नाही. पण कॅसेटच्या बाजारात जे खपायचं तेच रेकॉर्ड व्हायचं, आणि घर त्यावरच चालायचं. आपणही पगार देईल त्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो. मग त्यांच्या पोटाचा हिशोब आपण कोणत्या तोंडानं मागायचा? हिशोब मागायचाच तर बाजाराला मागू: गाणं इतकी वर्षं वाजलं, त्यातलं लिहिणाऱ्याच्या आणि गाणाऱ्याच्या घरी किती गेलं?

वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. अक्षरओळख मोठेपणी झालेला हा माणूस गावोगाव गात फिरला. त्यांच्या कित्येक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं. ही संतांची, शाहिरांची जुनी रीत. पण मला त्यात आणखी एक शहाणपण दिसतं. कॅसेटच्या कव्हरवरून नाव गळेल, निवेदक विसरेल, पण कडव्यात विणलेलं नाव गाणाऱ्याला घ्यावंच लागतं. आज तीस सेकंदांच्या रीलमध्ये शेवटचं कडवं येतच नाही.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघंही 2004 च्या मे-जूनमध्ये गेले. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येणार नाही, अशी दुरुस्ती कॉपीराइट कायद्यात झाली 2012 साली.

कायदा आला म्हणून नाव पुसणं थांबलं, असंही नाही. 2021 साली 'एंजॉय एंजामी' देशभर वाजलं. ते लिहिणारा आणि गाणारा अरिवु हा तमिळ आंबेडकरी कलाकार. चहाच्या मळ्यात राबलेल्या आजीच्या आयुष्यातून ते गाणं आलं. त्याच वर्षी 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर त्या गाण्यातली सहगायिका होती, अरिवु नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी उघडपणे जाब विचारला आणि देशभर चर्चा झाली. फरक एवढाच पडला की या वेळी विचारणारी माणसं होती.

अशी माणसं आता आपण आहोत. करार वाचता येणारे, डेटाबेस बांधता येणारे, वकील, पत्रकार, इंजिनिअर. मामाच्या घरी पत्र्याच्या पेटीत पडलेल्या कॅसेटच्या कव्हरांचे फोटो काढा. त्यावर गीतकार, संगीतकार, ढोलकीवाला, कोरस यांची नावं असतील. ॲपवर ती बहुतेकदा नसतात. ती मराठी विकिपीडियावर घाला. गावातल्या गायनपार्टीचा कार्यक्रम यूट्यूबवर टाकण्याआधी कुणी कागदावर सही मागत असेल, तर तो कागद त्यांना वाचून दाखवा.

आणि सुरुवात त्याहून लहान गोष्टीपासून करा. यंदा सोसायटीत गाणी लावायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं, तर काकूंना सांगणार आहे, की हा आवाज प्रल्हाद शिंदेंचा, शब्द हरेंद्र जाधवांचे, आणि हे दोघं आमचे. मग पुढचं गाणं सुरू होईल. शेवटच्या कडव्यापर्यंत ते वाजू देईन.

जयभीम.