वेळापत्रकात ताईचा तास कुठे आहे?



२०२० च्या पावसाळ्यातली गोष्ट. नंदनवनच्या झोपडपट्टीतल्या एका घरी मी गेले होते. मार्चपासून शाळा बंद होत्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी सरकारी मोहीम चालू होती. घरात तीन मुले. मुलगी आठवीत, तिच्या पाठचा भाऊ पाचवीत, धाकटा दुसरीत. फोन एकच आणि तो सकाळी वडिलांबरोबर कळमना बाजारात जायचा. आईची दोन घरची स्वयंपाकाची कामे नुकतीच पुन्हा सुरू झाली होती.

भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर वेळापत्रक लिहिलेले होते. आठ ते नऊ धाकट्याचे गणित, नऊ ते दहा दोघांचे वाचन, दुपारी पाचवीचा परिसर अभ्यास. अक्षर सुंदर होते, मुलीचेच. आई कौतुकाने म्हणाली, “हेच शिकवून राहिली दोघांले. मले कुठं येते पाचवीचं गणित, ताई?”

मलाही कौतुक वाटले. माझ्या अहवालात मी ‘मोठी बहीण भावंडांना शिकवते, अनुकरणीय’ असे लिहिले. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला घरातली साधने ओळखायला शिकवले होते. मी त्या मुलीलाच साधन समजले. त्या वेळापत्रकात आठवीचा एकही तास नव्हता आणि ते माझ्या लक्षातही आले नाही.

लक्षात आले ते ती नववीत गेल्यावर. बीजगणित तिला काही केल्या कळेना. भाऊ मात्र ठीक चालले होते. मग घरात बोलणे सुरू झाले, “हिचं डोकं चालत नाही, आईसोबत कामाले जाऊ दे.” ज्या मुलीने दोन इयत्ता सांभाळल्या, तिचेच डोके चालत नाही!

घरी एकाहून जास्त मुले वेगवेगळ्या इयत्तांचा अभ्यास करत असतील, तर वेळापत्रक कसे करावे, असा प्रश्न आमच्या बैठकीत बायका नेहमी विचारतात. शाळा सुरू होऊन काही वर्षे झाली तरी हा प्रश्न संपलेला नाही. रोजची संध्याकाळ आहे, आणि विदर्भातली लांबलचक उन्हाळ्याची सुट्टी आहे. हौसेने मुलांना घरीच शिकवणारी सुशिक्षित कुटुंबेही आता दिसतात. तिथेही नोकरी बहुधा आईच सोडते. आपण बोलतो मुलांच्या तासांबद्दल. पण हे तास येतात कुणाच्या दिवसातून?

सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे पाहा. घरकाम करणाऱ्या बाईचे २०१९ मध्ये त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ झाली. पुरुषाचीही कमी झाली, ८८! मुलांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी. अशा दिवसात तीन इयत्तांची शाळा बसवायची, तर आईला जमत नाही, म्हणून ती थोरल्या मुलीवर येते. थोरला मुलगा असेल तर? बहुतेक घरांत त्याला ‘दहावीचं वर्ष आहे’ म्हणून उठवतही नाहीत.

२०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली, प्रत्येक इयत्तेची वेळ निराळी. उपक्रम चांगला होता. पण तीन इयत्ता म्हणजे तीन वेळा कुणालातरी टीव्हीसमोर बसवा, मागून विचारा, वही तपासा. ते ‘कुणीतरी’ कोण, याचा विचार कार्यक्रम आखणाऱ्यांनी करायचा नसतो का?

असा विचार आपल्याकडे पूर्वी झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर भावंड असायचे. या दोघींनी मुलींना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंडाला घेऊन ये, त्याला आम्ही बघतो, तू तुझ्या वर्गात बस. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल ज्या कामात अडकले आहे, ते काम ओळखून त्यांनी शाळेची वेळ आणि जागा बदलली. आपण २०२० मध्ये नेमके उलटे केले. मुलीला शाळेतून घरी आणले आणि भावंडे पुन्हा तिच्या कडेवर दिली.

म्हणून आमच्या गटात आता वेळापत्रक उलट्या बाजूने करतो. पहिल्यांदा थोरलीचा तास लिहायचा, तोही सकाळचा, डोके ताजे असताना. त्या तासात तिला कुणी हाक मारायची नाही, नळ आला तरी. मग आईचा अर्धा तास, तिला हवे ते करायला. उरलेल्या वेळात मुलांना बसवायचे.

सहा तासांची शाळा घरी भरवायची गरजच नसते. शाळेत दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात. साठपर्यंत पट असेल तर शिक्षणहक्क कायद्यालाही दोनच शिक्षक पुरतात. त्यांची पद्धत घरात चालते. एकाला शिकवताना बाकीच्यांना आपापले लिहायचे काम द्यायचे. लहानाला आधी घ्यायचे, कारण तो लवकर कंटाळतो. एक विषय तिघांना मिळून द्यायचा. भाजी आणली तर धाकट्याने वांगी मोजावीत, मधल्याने पाव किलोचा भाव काढावा, थोरलीने शेकडा नफा. गोष्ट वाचायची तर सगळ्यांनी एकत्र ऐकायची.

आणि कागदावर एक रकाना वडिलांचा. पहिल्यांदा हा रकाना आखला तेव्हा बायका हसल्या. एकजण म्हणाली, “ते थकून येतात ना.” दुसरीने विचारले, “अन् तू?” त्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. निरक्षर बापसुद्धा पाढे म्हणवून घेऊ शकतो, धाकट्याला अर्धा तास बाहेर नेऊ शकतो. ज्याला वाचता येते, त्याला तर सबबच नाही.

ती मुलगी एक वर्ष घरी बसली. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झाली. त्या वर्षी भावांचा अभ्यास वडिलांनी घेतला. कसाबसा, पण घेतला. माझ्या अहवालातला ‘अनुकरणीय’ हा शब्द मात्र तसाच कागदावर आहे.

तुमच्या गटातल्या घरांत संध्याकाळी अभ्यास कोण घेते, हे या तिमाहीत जरूर विचारून पाहा. थोरल्या मुलीचे नाव आले, तर तिचा स्वतःचा तास कोणता, हेही तिलाच विचारा.